घोरणाऱ्या पगला हवा कमी पडतेय: नकट्या कुत्र्यांचा श्वास, तपासणी आणि शस्त्रक्रिया

आमचा पग गोट्या दीड वर्षाचा असताना बसल्या बसल्या झोपायचा. पुढचे पाय ताठ, हनुवटी सोफ्याच्या कडेवर आणि तोंडात रबरी चेंडू. डोळे मिटायचे, मान हळूहळू खाली यायची. चेंडू तोंडातून सुटला की दचकून उठायचा, चेंडू शोधून पुन्हा तोंडात धरायचा. आमच्या नागपूरच्या घरात याचे कितीतरी व्हिडिओ काढले गेले. लसीकरणाच्या वेळी मी त्यातला एक कौतुकाने नव्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, हा चेंडू खेळायला नाही धरलेला. तोंड मिटलं की याचा श्वास अडतो. चेंडूमुळे तोंड उघडं राहतं, म्हणून धरून झोपतो."

त्याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात मी त्याच्या घोरण्याबद्दल विचारलं होतं. "या जातीत असंच असतं," एवढंच उत्तर मिळालं आणि मी ते मान्य करून घरी आले. त्यात वर्ष गेलं. 'या जातीत असंच असतं' हे खरं आहे, पण 'म्हणून ठीक आहे' हा त्याचा अर्थ नाही. हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. गोट्याची शस्त्रक्रिया होऊन आता पाच वर्षं झाली. त्या वाटेवर जे शिकले, ते क्रमाने सांगते. औषध आणि शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांनी कुत्र्याला तपासूनच घ्यायचा.

आत नेमकं काय अडतं

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, बॉस्टन टेरियर, पेकिंगीज आणि काही प्रमाणात शिह त्झू, या सगळ्या चपट्या तोंडाच्या जाती. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करत त्यांच्या जबड्याचं हाड आखूड केलं. आतलं मांस मात्र त्या मानाने आखूड झालं नाही. जीभ, टाळू, नाकातल्या पडद्यांसारख्या घड्या, सगळं जवळजवळ पूर्वीएवढंच राहिलं. घर लहान केलं आणि सामान तेवढंच ठेवलं, तर दारातून आत जायला वाट उरत नाही, तसं झालं.

हवेला पहिला अडथळा नाकपुड्यांचा. स्वल्पविरामासारखं उघडं भोक असायला हवं, तिथे नखाने ओढावी तशी रेघ असते. त्यामागे नाकाच्या पोकळीत दाटीवाटीने वाढलेल्या घड्या. त्यामागे मऊ टाळू, जो लांब आणि जाड असल्यामुळे स्वरयंत्राच्या तोंडावर लोंबतो. घोरण्याचा आवाज मुख्यतः त्याच्या थरथरण्याचा. इंग्लिश बुलडॉगमध्ये बऱ्याचदा श्वासनलिकाही जन्मतःच अरुंद असते. या सगळ्या दोषांना मिळून ब्रॅकिसेफॅलिक ऑब्स्ट्रक्टिव्ह एअरवे सिंड्रोम म्हणतात. डॉक्टर त्याला थोडक्यात 'बोआस' म्हणतात.

शहाळ्यातलं पाणी शेवटाला आलं की आपण जोरात ओढतो आणि कागदी नळी मध्येच चपटी होते. या कुत्र्यांच्या गळ्यात दिवसातून हजारो वेळा तेच घडत असतं. वाट अरुंद म्हणून जोर लावून श्वास घ्यायचा. जोर लावला की आतलं मऊ मांस आणखी आत ओढलं जातं, सुजतं आणि वाट अजून अरुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून शांतपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, १६ पट होतो. म्हणून दोन-तीन मिलिमीटरच्या सुजेनेही कुत्रं कोसळतं, आणि नाकपुडी दोन-तीन मिलिमीटर मोठी केली तर त्याला नवं आयुष्य मिळाल्यासारखं होतं.

वर्षानुवर्षं असं ओढत राहिलं की स्वरयंत्रालाच इजा होते. आधी स्वरयंत्रातल्या छोट्या पिशव्या उलट्या होऊन बाहेर येतात. ही पहिली पायरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत स्वरयंत्राच्या कूर्चा ताकद सोडतात आणि आत कोसळू लागतात. टाळू कापून आखूड करता येतो, नाकपुडी मोठी करता येते, पण कोसळलेल्या कूर्चेला पुन्हा ताठ करणं फार अवघड. अगदी पाच-सहा महिन्यांच्या पिल्लांतही या बदलांची सुरुवात सापडली आहे. 'मोठा झाला की बघू' म्हणू नये, त्याचं कारण हे.

घरी काय पाहायचं

पाच-सात दिवस काढा. एकाच दिवशी पाहून निष्कर्ष काढू नका.

पहिल्यांदा नाक पाहा. कुत्रं शांत बसलेलं असताना समोरून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. भोक दिसतं की रेघ? मग श्वास आत घेताना नाकपुडीच्या कडा पाहा. त्या बाहेरच्या बाजूला सरकायला हव्यात. आत ओढल्या जात असतील, तर अडथळा आहे.

मग आवाज. कुत्रं जागं, शांत आणि आरामात असताना दोन फुटांवरून त्याचा श्वास ऐकू येतो का? निरोगी कुत्र्याचा येत नाही. घरघर, घोरल्यासारखा जाडसर आवाज साधारणपणे टाळू आणि घशातून येतो. शिट्टीसारखा, बारीक, कर्कश आवाज येत असेल तर तो स्वरयंत्राचा असण्याची शक्यता जास्त. त्याला जास्त गंभीरपणे घ्या. अधूनमधून कुत्रं मान ताणून 'फर्र-फर्र' असं उलट्या शिंकेसारखं करतं आणि अर्ध्या मिनिटात पूर्ववत होतं, ते वेगळं. त्याचाही व्हिडिओ काढा, डॉक्टर पाहून सांगतील.

झोपेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. गाढ झोपेतला श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटाला ३० च्या आत असायला हवेत. बसून झोपणं, हनुवटी उंच जागी टेकवून झोपणं, तोंडात काहीतरी धरून झोपणं, झोपेत श्वास थांबून दचकून जाग येणं, ही सगळी लक्षणं आहेत. आम्ही त्यांना सवयी समजत होतो.

जेवणाचंही पाहा. खाताना धाप लागते का, खाल्ल्यावर फेस किंवा न पचलेलं अन्न बाहेर येतं का? श्वासाचा आणि पोटाचा संबंध नाही असं वाटतं, पण आहे. श्वास घेताना छातीत जो ओढा तयार होतो, त्याने जठराचा वरचा भागही वर ओढला जातो. म्हणून यातली कितीतरी कुत्री वर्षानुवर्षं ॲसिडिटीची औषधं खात राहतात आणि मूळ दुखणं नाकात असतं.

शेवटी चालणं. सकाळी गारव्यात, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून, तीन मिनिटं झपझप चालवा. गळ्यात पट्टा नको. थांबल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा. मध्येच बसकण मारली, जिभेचा रंग जांभळट झाला किंवा घशातला आवाज वाढला, तर तिथेच थांबवा. आधीच त्रास असलेल्या कुत्र्यावर हा प्रयोग घरी करू नका, तो डॉक्टरांसमोरच होऊ द्या.

हे सगळं व्हिडिओत घ्या. दवाखान्यात कुत्रं घाबरलेलं असतं, तिथे झोपेतलं काही दिसत नाही. आमचं निदान एका व्हिडिओनेच झालं.

डॉक्टरांकडची तपासणी

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी या आजारासाठी ० ते ३ अशी श्रेणी ठरवली आणि २०१९ पासून ब्रिटनच्या केनेल क्लबबरोबर (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) ती तिथे वापरात आणली. पद्धत साधी आहे. आधी स्टेथोस्कोप गळ्याला लावून ऐकायचं, मग तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं आणि लगेच पुन्हा ऐकायचं. ० म्हणजे त्रास नाही. १ म्हणजे थोडा आवाज, पण हिंडण्या-फिरण्यावर परिणाम नाही. २ म्हणजे त्रास आहे, वजन आणि व्यायामाकडे बघायला हवं, शस्त्रक्रियेचाही विचार करावा. ३ म्हणजे गंभीर, उपचार टाळता येणार नाहीत. ही तपासणी कुत्रं एक वर्षाचं झाल्यावर करतात आणि दर दोन वर्षांनी पुन्हा करायला सांगतात, कारण आजार वाढत जातो. आपल्याकडच्या डॉक्टरांनाही हीच पद्धत वापरा म्हणून सांगता येतं. त्याला स्टेथोस्कोप आणि मोकळी गच्ची किंवा व्हरांडा, एवढंच लागतं.

छातीचा एक्स-रे मात्र काढून घ्या. त्यात श्वासनलिकेची रुंदी, हृदयाचा आकार आणि फुफ्फुसात न्यूमोनिया आहे का, हे दिसतं. टाळू आणि स्वरयंत्र जागेपणी नीट दिसत नाही. ते हलक्या भुलेखालीच बघावं लागतं. या कुत्र्यांत भूल देणं आणि उतरवणं, दोन्ही जोखमीचं. म्हणून चांगले डॉक्टर 'नुसतं पाहण्यासाठी' वेगळी भूल देत नाहीत. पाहणं आणि शस्त्रक्रिया एकाच वेळी उरकतात. तुमची संमती आधीच घेऊन ठेवतात. काही ठिकाणी सीटी स्कॅनही करतात, त्याने नाकाच्या आतलं कळतं.

शस्त्रक्रियेच्या आधीची दोन कामं: वजन आणि ऊन

पगचं वजन साधारण ६ ते ८ किलो असायला हवं. मी ओळखते त्या पगांपैकी बरेचसे ११-१२ किलोचे आहेत, आणि गोट्याही साडेदहाचा होता. चरबी पोटावर दिसते, पण ती गळ्यातही साठते, जिभेतही साठते. बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या मोजता यायला हव्यात आणि वरून पाहिलं तर कमरेला खाच दिसायला हवी. आमच्या घरी चोरून भरवणारे दोघे होते, आई आणि माझा मुलगा. पोळीचा तुकडा, बिस्किट, दुधाची साय. मी फ्रिजवर कागद लावला आणि जो जे भरवेल त्याने ते लिहायचं, असं ठरवलं. पहिल्या आठवड्याचा कागद वाचून आईच म्हणाली, "अगं, हा तर आपल्यापेक्षा जास्त खातोय." चार महिन्यांत तो आठ किलोवर आला, आणि शस्त्रक्रियेआधीच जिना चढताना थांबेनासा झाला.

दुसरं ऊन. कुत्र्याला पंजे सोडले तर घाम नाही. तो धापा टाकून, नाक-तोंडातला ओलावा उडवून अंग थंड करतो. नकट्या कुत्र्याची ती सोयच मोडलेली. वर धापा टाकताना घसा सुजतो आणि अंगातली उष्णता उलट वाढते. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर चांगलं काम करतो, कारण हवा कोरडी. मुंबई-कोकणात दमट हवेत ओलावा उडतच नाही, तिथे तापमान ३२ अंश सेल्सिअस असलं तरी धोका आहे आणि कूलर उपयोगाचा नाही. तिथे एसी लागतो. फिरायला न्यायचं ते उजाडण्याआधी किंवा रात्री. फरशीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवा. तुम्हाला चटका बसला, तर त्यालाही बसेल.

उष्माघात झालाच तर काय करायचं, हे वाचून पाठ करा, कारण तेव्हा वाचायला वेळ नसतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या पुढे गेलं की जीव धोक्यात. लक्षणं अशी: थांबेनाशी धाप, लाळेच्या तारा, हिरड्या लालभडक किंवा जांभळ्या, पाय लटपटणं, उलटी. आधी थंड करा, मग दवाखान्याकडे धावा. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता आणि पंखा लावा. मे महिन्यात टाकीतलं पाणी कढत असतं, म्हणून नळाचं पाणी आधी हाताने तपासा, माठातलं किंवा फ्रिजमधलं मिसळा. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाईल. प्यायचं असेल तर त्याने स्वतः प्यावं. तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवा आणि तसंच ओल्या अंगाने, गाडीचा एसी लावून दवाखान्यात न्या. बरा वाटला तरी न्या. आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर पडते.

कधी करायची आणि कुणाकडे

श्रेणी २ किंवा ३ असेल, झोप मोडत असेल, एकदा जरी जीभ निळी पडून कोसळलं असेल, तर बहुतेक सर्जन शस्त्रक्रिया सुचवतात. एक ते दोन वर्षं हे वय चांगलं. नाकपुड्या फारच बंद असतील तर त्या सहाव्या महिन्यातही मोकळ्या करतात. वय जास्त असेल म्हणून दार बंद झालं असं नाही, पण स्वरयंत्र किती शाबूत आहे यावर फायदा ठरतो. तातडी नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडा. आम्ही डिसेंबरात केली.

सर्जन निवडताना मी लाजून प्रश्न विचारले नाहीत, हे आज चुकीचं वाटतं. तुम्ही विचारा. या शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती केल्यात? भूल कोण देणार, तुम्हीच की वेगळे भूलतज्ज्ञ? भुलेसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी काढल्यानंतर पहिली रात्र कुत्र्याजवळ माणूस जागा असेल का? ऑक्सिजनचा पिंजरा आहे का? घसा सुजला तर गळ्यातून तात्पुरती नळी टाकायची तयारी आहे का? रात्रीच्या माणसाबद्दलचं उत्तर 'नाही' असेल, तर सर्जन कितीही नावाजलेला असो, मी तिथे जाणार नाही. या शस्त्रक्रियेतला मोठा धोका कापण्यात नसतो, तो नंतरच्या चोवीस तासांत असतो.

खर्च शहरागणिक, दवाखान्यागणिक वेगळा. अंदाज लेखी घ्या आणि त्यात रक्त तपासणी, एक्स-रे, भूल, रात्रीचा मुक्काम आणि गरज पडल्यास ऑक्सिजन धरलाय का, ते बघा. मोठ्या शहरात खासगी दवाखाने आहेत. परळचं १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर आणि शिरवळची महाविद्यालयं इथे शस्त्रक्रिया हा विषय शिकवणारी मंडळी आहेत. तिथे जाऊन निदान दुसरं मत नक्की घ्यावं.

आदल्या दिवसापासून टेबलापर्यंत

उपाशी किती ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंदाजाने ठरवू नका. ओकारीची आणि ॲसिडिटीची औषधं अनेक जण काही दिवस आधीपासूनच सुरू करतात, कारण भुलेत ओकारी फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो. कुत्र्याला घाबरवू नका. घाबरलं की धाप, धाप लागली की सूज. दवाखान्यात गर्दीत बसवू नका, गाडीतच एसीत ठेवा आणि नंबर आल्यावर न्या. गळ्यातला पट्टा घरीच सोडा.

आत गेल्यावर आधी काही मिनिटं तोंडाजवळ ऑक्सिजन धरतात. मग भूल, लगेच श्वासनलिकेत नळी. नकट्या कुत्र्यांना अंगापेक्षा लहान मापाची नळी लागते, म्हणून चार-पाच मापांच्या नळ्या समोर मांडून ठेवतात. त्यांचे डोळे बाहेर आलेले असतात, भुलेत पापणी मिटत नाही, म्हणून मलम घालतात. हे विसरलं तर बुबुळाला जखम होते, तेव्हा तुम्हीही आठवण करून द्या. कुत्र्याला पोटावर झोपवून वरचा जबडा पट्टीने आडव्या दांडीला टांगतात, जीभ बाहेर ओढतात. मग घसा दिव्याखाली पूर्ण दिसतो.

नाकपुडीच्या पाळीतून कलिंगडाच्या फोडीसारखा छोटा तुकडा काढतात आणि दोन-तीन विरघळणारे टाके घालतात. रक्त बरंच येतं, टाका ओढला की थांबतं. लहान पिल्लांत पाळीचा तुकडा काढून टाके न घालता सोडण्याचीही पद्धत आहे. ती १९४९ साली ट्रेडर यांनी मांडली आणि अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

टाळूचं काम जास्त कौशल्याचं. जास्तीचा टाळू कापून त्याची कड स्वरयंत्राच्या झाकणाच्या टोकापर्यंत आणतात. कमी कापला तर त्रास तसाच राहतो. जास्त कापला तर पाणी प्यायल्यावर नाकातून येतं आणि अन्न नाकात शिरतं. ते पुन्हा जोडता येणं कठीण. टाळू फार जाड असेल तर नुसता कापत नाहीत. आतलं मांस काढून त्याची पुढच्या बाजूला घडी घालून शिवतात, म्हणजे तो आखूडही होतो आणि पातळही. गोट्याचा असाच केला. कात्री, लेझर किंवा रक्तवाहिन्या बंद करणारं यंत्र, कशानेही केलं तरी सर्जनचा हात महत्त्वाचा.

स्वरयंत्रातल्या उलट्या झालेल्या पिशव्या काही जण कापतात, काही तशाच ठेवतात. यावर सर्जनांमध्ये मतभेद आहेत. फार सुजलेले टॉन्सिलही कधी काढतात. नाकातल्या घड्या लेझरने काढण्याची पद्धत जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात गेरहार्ड ओख्टरिंग यांनी विकसित केली. त्याला खास उपकरणं आणि सराव लागतो. स्वरयंत्र पूर्ण कोसळलेलं असेल तर शेवटचा पर्याय म्हणून गळ्याला कायमचं छिद्र करतात. ते सांभाळणं घरच्यांना रोजचं काम होतं.

पहिली रात्र आणि पुढचे पंधरा दिवस

सगळं झाल्यावरही नळी लगेच काढत नाहीत. कुत्रं जागं होऊन, मान उचलून, नळी चावायला लागेपर्यंत ठेवतात. आपल्याला वाटतं त्याला त्रास होतोय, काढा. ते बोलू नका. पोटावर बसवतात, मान वर, जीभ बाहेर. मी काचेतून पाहत होते. गोट्याच्या नाकाला कोरड्या रक्ताची खपली, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी, पहिल्यांदाच, दोन काळी गोल भोकं दिसत होती.

पहिले दोन-तीन दिवस आवाज कमी होण्याऐवजी वाढू शकतो. ती सूज असते. म्हणून घाबरू नका, पण हे दिसलं तर रात्री दोन वाजताही निघा: हिरड्या निळसर, श्वास घेताना पोट आत ओढलं जाणं, उभं राहून कोपर बाहेर काढून श्वास घेणं, न थांबणारी ओकारी. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात ताप, खोकला आणि मलूलपणा आला तर न्यूमोनियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी दाखवा.

खाणं डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करायचं. कोरडे दाणे, बिस्किट, पोळीची कड बंद, टोकदार काहीही टाळूला घासू नये. आम्ही चिकन आणि मऊ शिजवलेला भात मिक्सरमधून काढून सुपारीएवढे गोळे करायचो आणि एकेक हाताने भरवायचो. पातळ पेज देऊ नका, ती चुकून श्वासनलिकेत जाते. मीठ-मसाला, कांदा, लसूण अजिबात नाही. खाल्ल्यावर अर्धा तास त्याला शांत बसवा. दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं द्या.

दोन आठवडे खेळ नाही, जिना नाही, पाहुणे नाहीत. शू-शीसाठी हार्नेस लावून दारापर्यंत. भुंकण्यानेही घसा सुजतो, म्हणून आम्ही दारावरची बेल बंद करून ठेवली होती. टाके आपोआप विरघळतात. नाक खाजवत असेल तर गळ्यात प्लास्टिकचा शंकू घालायचा, पण सैल. दुखण्याची आपली गोळी, क्रोसिन असो की आयबुप्रोफेन, कुत्र्याला चुकूनही देऊ नका.

नंतर काय बदलतं

सहाव्या ते आठव्या आठवड्यात पुन्हा तपासणी आणि पुन्हा ती तीन मिनिटांची चाल. बहुतेक कुत्र्यांना फरक पडतो, पण ती लांब तोंडाच्या कुत्र्यासारखी होत नाहीत. उन्हाचे, वजनाचे, हार्नेसचे सगळे नियम आयुष्यभर राहतात. काहींना काही वर्षांनी टाळूचं काम पुन्हा करावं लागतं. विमानप्रवासाचं विचाराल, तर अनेक विमान कंपन्या या जाती सामानाच्या कक्षात घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गोट्या अजूनही घोरतो, पण हलकंसं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो फरशीवर एका कुशीला आडवा झाला, चारी पाय सैल सोडून. चेंडू सोफ्याखाली पडलेला होता. आईने मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, याला काय झालं बघ, हलत नाहीये." मी गुडघ्यावर बसून छातीवर हात ठेवला. मिनिटाला २२ श्वास. तो नुसता झोपला होता. दोन वर्षांच्या आयुष्यात आम्ही त्याला असं झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि पिल्लू घ्यायचंच असेल तर

२००३ मध्ये 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि आपल्याकडे घराघरात पग हवासा झाला. त्या कुत्र्याचा यात दोष नाही. मागणी वाढली तशी जितकं चपटं तोंड तितकी किंमत जास्त, असा बाजार तयार झाला, आणि त्या बाजाराचे ग्राहक आपणच होतो. नेदरलँड्समध्ये मुस्कट कवटीच्या लांबीच्या मानाने फारच आखूड असलेल्या कुत्र्यांच्या प्रजननावर सरकारने बंधन घातलं आहे. आपल्याकडे तसा नियम नाही, त्यामुळे गाळणी आपल्याच हातात आहे.

पिल्लू पाहायला जाल तेव्हा आधी आई दाखवा म्हणा, जमलं तर वडीलही. आईला अंगणात तीन मिनिटं चालवायला सांगा आणि तिचा श्वास ऐका. तिची नाकपुडी उघडी आहे का, नाकाच्या काळ्या भागापासून डोळ्यांपर्यंत थोडं तरी अंतर आहे का, ते पाहा. पिल्लाच्याही नाकपुड्या उजेडात पाहा. "लहान आहे, मोठं झाल्यावर उघडतील," असं सांगतील. जन्मतः चिकटलेल्या नाकपुड्या वाढत्या वयात आपोआप चांगल्या उघडतील या भरवशावर पिल्लू घेऊ नका. आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी त्याला हात न लावता घरी परत या. आणि दुरावलेला, मोठ्या वयाचा पग दत्तक मिळत असेल, तर त्याचा आधी विचार करा. त्याचं नाक, वजन आणि झोप आधीच डोळ्यांसमोर असते, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवता येते.